गणितमुद्रणाच्या खूणभाषा : रूप आणि अर्थ यांचा वाद

छापखान्याच्या व्यवहारात गणिताचा मजकूर फार पूर्वीपासून अडचणीचा मानला गेला आहे. साध्या गद्याची ओळ एकाच दिशेने वाढते. एका खिळ्याशेजारी दुसरा खिळा बसवीत गेले की ती पुरी होते. गणिताच्या वाक्याचे तसे नाही. त्यात घातांक वर चढतो, पादांक खाली उतरतो, अपूर्णांकाची रेघ अंश व छेद ह्यांच्या मधोमध येते, करणीचिन्हाला आपल्या पोटातील राशीइतके लांब व्हावे लागते, आणि कंसांची उंची तर आतील मजकूर जुळून झाल्यावाचून ठरतच नाही. देवनागरीच्या जुळाऱ्याला ह्या अडचणीची थोडीबहुत कल्पना येऊ शकेल. कारण मात्रा, वेलांटी व रफार वर आणि उकार खाली अशी तीन मजली रचना त्याच्याही हातून रोज होत असे. परंतु देवनागरीचे मजले ठरलेले आहेत. गणिताच्या मजल्यांना अशी मर्यादा नाही. घातांकालाही घातांक असू शकतो आणि छेदाच्या पोटात आणखी एक अपूर्णांक असू शकतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगले गणितमुद्रण मोनोटाइप यंत्रावर होत असे. कळफलकावरून कागदी पट्टीवर छिद्रे पाडावयाची, त्या पट्टीवरून खिळे ओतून घ्यावयाचे, आणि मग कुशल जुळाऱ्याने ते हाताने जागच्या जागी बसवून रेघा, मोठे कंस व मधल्या पोकळ्या भरून काढावयाच्या, असा तो क्रम होता. म्हणजे गणित एकदा यंत्राने आणि पुन्हा एकदा हाताने असे दोनदा जुळवावे लागे. १९५४ साली चाउंडी, बॅरेट आणि बेटी ह्यांचे गणितमुद्रणावरील जे पुस्तक ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केले, ते मुख्यतः लेखकांना जुळाऱ्याच्या कामाची ओळख करून देण्यासाठी होते. ज्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यामुळे दुसऱ्याचे अर्धा तासाचे काम वाढते, त्याला ते काम ठाऊक असावे, ही अपेक्षा रास्तच होती. जेथे हा खर्च झेपत नसे तेथे टंकलेखन यंत्रावर भागविले जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकापासून पाहुण्या गणितज्ञांनी दिलेली व्याख्याने अशाच टंकलिखित टिपणांच्या रूपाने निघत असत. त्यांतील गणित पहिल्या प्रतीचे होते. पृष्ठांचे रूप मात्र यंत्राच्या मगदुराप्रमाणे.

संगणक ह्या व्यवहारात आला तेव्हा जुळाऱ्याच्या हातातील कौशल्य आज्ञावलीत उतरविता येईल काय, हा प्रश्न प्रथम पुढे आला. त्याचे उत्तर होकारार्थी मिळण्यास फारसा वेळ लागला नाही. वाद माजला तो दुसऱ्या प्रश्नावरून. लेखकाने आपले समीकरण यंत्राला सांगावयाचे कसे? एक वाट अशी की, मजकुरातच अक्षरांनी खुणा लिहावयाच्या. हस्तलिखितावर तांबड्या शाईने ‘येथे ठळक’, ‘येथे नवा परिच्छेद’ अशा सूचना करण्याची संपादकांची जी जुनी रीत, तिचेच हे पद्धतशीर रूप. त्यास येथे खूणभाषा म्हटले आहे. दुसरी वाट अशी की, पडद्यावर छापील पृष्ठच दिसावे आणि लेखकाने त्यातच चिन्हे उचलून बसवावीत. ह्या दुसऱ्या प्रकारच्या साधनास दृश्य संपादक म्हणता येईल. दोन्ही पक्षांचे समर्थक हा वाद बहुधा सोयीच्या भाषेत मांडतात. शिकावयास सोपे काय, हात लवकर कशावर चालतो, पृष्ठ सुबक कशाने दिसते, असे त्यांचे मुद्दे असतात. परंतु ह्या अर्धशतकाच्या इतिहासाकडे पाहता असे आढळते की, प्रत्येक पद्धतीच्या मुळाशी तिचा लेखक कोण आणि तिचा वाचक कोण, ह्याविषयीची एक निश्चित समजूत होती. ती समजूत बदलली तसा वादाचा अर्थही बदलत गेला.

आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेपासून करणे युक्त होय. तेथे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जो ओसाना ह्यांनी प्रकाशजुळणीच्या यंत्रासाठी ‘ट्रॉफ’ नावाची आज्ञावली लिहिली होती. तिच्या जोडीला ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी ह्यांनी केवळ गणितासाठी ‘ईक्यूएन’ ही भाषा तयार केली, आणि १९७५ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. ह्या भाषेचा योजलेला वापरकर्ता गणितज्ञ नव्हता. कार्यालयातील टंकलेखिका, जिला गणितही अवगत नाही आणि जुळणीही नाही, ती ही भाषा थोडक्या वेळात शिकू शकावी, असा तिच्या कर्त्यांचा उद्देश होता. म्हणून त्यांनी समीकरण तोंडाने जसे वाचले जाते तसेच ते लिहिण्याची सोय केली. ‘एक्स सप टू’ म्हणजे एक्सचा वर्ग; ‘ए ओव्हर बी’ म्हणजे ए छेद बी; बेरजेच्या चिन्हासाठी ‘सम फ्रॉम’ अमुक ‘टू’ तमुक. शब्दांपूर्वी विशेष खूण नाही. केवळ मोकळी जागा सोडली की पुरे. दूरध्वनीवरून कोणी समीकरण सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते तसेच उतरून घ्यावे, इतकी ही भाषा बोलण्याच्या जवळ होती.

बोलीच्या ह्या सान्निध्यात एक दोषही दडलेला होता. ‘ए अधिक बी भागिले सी’ असे कोणी म्हटले तर भागावयाचे काय, केवळ बी की ए व बी ह्यांची बेरीज? वर्गात फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक ‘ए अधिक बी’ एका दमात उच्चारतो, क्षणभर थांबतो आणि मग ‘भागिले सी’ म्हणतो. त्या थांबण्यानेच विद्यार्थ्यांना अर्थ कळतो. कागदावर हे थांबणे लिहिता येत नाही. म्हणून ईक्यूएनला महिरपी कंसांचा आश्रय घ्यावा लागला आणि कोणती क्रिया आधी, ह्याचे नियम घालून द्यावे लागले. तथापि भाषेचा मूळ कल लक्षात ठेवण्यासारखा आहे. गणिताची पहिली लोकप्रिय खूणभाषा कानावरून घडविली गेली होती. पुढे वीस वर्षांनी ह्या गोष्टीला अनपेक्षित महत्त्व आले, ते यथाक्रम सांगितले जाईल.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनल्ड कनूथ ह्यांची दृष्टी ह्याहून अगदी निराळी होती. त्यांच्या संगणनशास्त्रावरील महाग्रंथाचे पहिले तीन खंड १९६८, १९६९ आणि १९७३ ह्या वर्षी मोनोटाइपच्या खिळ्यांनी छापले गेले होते. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ च्या मार्चअखेरीस त्यांच्या हाती आली ती प्रकाशजुळणीची होती. त्यांतील अक्षरांचे रूप आणि अंतरे पाहून त्यांची निराशा झाली. त्याआधी थोडेच दिवस, फेब्रुवारीत, पॅट्रिक विन्स्टन ह्यांच्या एका पुस्तकाची मुद्रिते त्यांनी पाहिली होती. ती सूक्ष्म बिंदूंनी अक्षरे उमटविणाऱ्या संगणकीय यंत्रावर निघालेली होती. अक्षर म्हणजे अखेर शून्य व एक ह्यांची मांडणी असेल तर ते काम संगणनशास्त्रज्ञाचे ठरते, हे त्यांच्या ध्यानी आले. १३ मे १९७७ रोजी त्यांनी आपल्या नियोजित पद्धतीचे टिपण लिहून काढले आणि तिला ‘टेक’ हे नाव दिले. ह्या नावातील शेवटचे अक्षर ग्रीक असल्यामुळे कर्त्याला अभिप्रेत असलेला उच्चार ‘टेख’च्या जवळचा आहे, व्यवहारात मात्र ‘टेक’ हाच रूढ झाला.

त्या उन्हाळ्यात कनूथ चीनच्या प्रवासाला गेले, आणि मायकेल प्लास व फ्रँक लियांग ह्या दोघा विद्यार्थ्यांनी टिपणाबरहुकूम पहिला नमुना रचण्यास घेतला. परत आल्यावर कनूथ ह्यांच्या लक्षात आले की, जे टिपण आपल्याला संपूर्ण वाटत होते त्यात पदोपदी निर्णय घ्यावयाचे राहून गेले आहेत. आणि मग त्यांनी सर्व आज्ञावली स्वतःच लिहिण्याचे ठरविले. काही महिन्यांचे म्हणून हाती घेतलेले हे काम १९८६ साली पाच खंडांच्या प्रकाशनाने पुरे झाले. मधल्या काळात १९७८ च्या जानेवारीत अमेरिकन गणितसंस्थेपुढे दिलेल्या गिब्ज व्याख्यानात त्यांनी गणितमुद्रणाचाच विषय मांडला. संशोधनपर व्याख्यानाऐवजी अक्षरांची वळणे आणि ओळींची अंतरे ह्यांवर बोलणे श्रोत्यांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्या संस्थेच्या नियतकालिकांचे रूप कसकसे उतरत गेले, हे पृष्ठांचे नमुने लावून दाखविल्यावर त्या व्याख्यानाचे प्रयोजन सांगावयास नको होते. संस्थेने टेकचा अंगीकार केला आणि मायकेल स्पिव्हाक ह्यांच्याकडून आपल्या उपयोगाची एक खास आवृत्ती सिद्ध करून घेतली.

टेक मुळात स्वतःसाठी आणि आपल्या चिटणीस बाईंसाठी रचली, असे कनूथ ह्यांनी नमूद केले आहे. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. टेकचा लेखक हा पृष्ठाच्या सौंदर्याविषयी आग्रही असलेला ग्रंथकार आहे. परिच्छेदाच्या ओळी कोठे तोडाव्यात, ह्याचा विचार एकेका ओळीपुरता न करता सबंध परिच्छेद डोळ्यांपुढे ठेवून करावा, ही कनूथ आणि प्लास ह्यांची १९८१ साली प्रसिद्ध झालेली रीत आजही आदर्श मानली जाते. गणितासाठी टेकने जुळाऱ्यांचे अलिखित संकेत नियमांत बसविले. अधिकचिन्हाच्या दोन्ही बाजूंना किती जागा, बरोबरच्या चिन्हाला किती, छेदातील घातांक अंशातील घातांकापेक्षा किती खाली, इत्यादी. अशा असंख्य बारकाव्यांची नोंद करून ठेवणारा दुसरा उद्योग त्यापूर्वी झाला नव्हता. वाद खूणभाषेचा असला तरी टेकचे खरे ऋण हे आहे. जिंकणाऱ्या व हरणाऱ्या सर्व पद्धतींनी पुढे हेच नियम उचलले.

भाषा म्हणून मात्र टेकमध्ये काही गाठी राहून गेल्या. अपूर्णांकासाठी तिच्यातही, ईक्यूएनप्रमाणेच, अंश व छेद ह्यांच्या मध्ये लिहावयाचा ‘ओव्हर’ हाच शब्द होता. फक्त त्यापूर्वी उलटी तिरपी रेघ आली. मध्ये येणाऱ्या ह्या शब्दामुळे यंत्र अंश वाचीत असताना तो अंश आहे हे त्याला ठाऊकच नसते. ‘ओव्हर’ भेटल्यावर मागचा मजकूर अंश होता असे कळते. अक्षरांचा आकार त्यावर अवलंबून असल्याने टेकला सर्व सूत्र संपेपर्यंत निर्णय तहकूब ठेवावा लागतो. मनुष्याला बोलताना जे स्वाभाविक, ते यंत्राला वाचताना अवघड, असा हा विरोध आहे.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनी टेकवर आधारलेली ‘लाटेक’ ही पद्धत रचली आणि १९८६ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लॅम्पोर्ट ह्यांच्यापुढे ब्रायन रीड ह्यांच्या ‘स्क्राइब’ ह्या पद्धतीचा आदर्श होता. लेखकाने ‘हे ठळक’, ‘हे मध्यभागी’ असे न सांगता ‘हे प्रकरणाचे नाव’, ‘हे प्रमेय’, ‘ही सिद्धता’ एवढेच सांगावे, आणि रूप कसे द्यावयाचे ते दुसरीकडे एकदाच ठरवावे, असे तिचे तत्त्व. लाटेकमध्ये अपूर्णांकाची आज्ञा आरंभी येऊ लागली आणि अंश व छेद तिच्यामागून आपापल्या कंसांत. बोलण्यापासून भाषा एक पाऊल दूर गेली खरी; पण सूत्राची घडण पहिल्या शब्दापासूनच स्पष्ट झाली. (आतल्या आत लाटेक तो जुना ‘ओव्हर’च वापरते, ही मौज वेगळी.)

१९८७ साली अमेरिकन गणितसंस्थेच्या वार्तापत्रात लॅम्पोर्ट ह्यांनी लेख लिहून हा वाद उघडपणे मांडला. दस्तऐवजाची रचना दृश्य असावी की तार्किक, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांचा कौल तार्किक पक्षाला होता. वेळही तशीच होती. पडद्यावर दिसेल तसेच छापून निघावे ही कल्पना १९७४ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘ब्राव्हो’ ह्या संपादकाने सिद्ध केली होती. तिच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि ‘वर्ड’ची उभारणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. ज्या वर्षी लॅम्पोर्ट ह्यांचा लेख आला त्याच वर्षी मॅकिंटॉश संगणकावर ‘मॅथटाइप’ अवतरले. पडद्यावर रिकाम्या चौकटी दिसाव्यात, अंशाच्या चौकटीत अंश आणि छेदाच्या चौकटीत छेद भरावा, अशी ती सोय होती. तिचीच लहान आवृत्ती ‘इक्वेशन एडिटर’ ह्या नावाने ‘वर्ड’बरोबर घरोघर गेली. प्राध्यापकाला, शाळाशिक्षकाला, प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला ह्याहून अधिक काही नको होते, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारणही नाही. ज्याला वर्षातून दोनदा चार समीकरणे लिहावयाची आहेत त्याने शेकडो आज्ञा पाठ कराव्यात, ही अपेक्षा खूणभाषेच्या कैवाऱ्यांनी बाळगली ती अहंकाराची होती.

कैवाऱ्यांच्या घरातही शांतता नव्हती. लाटेकची फाइल साध्या अक्षरांची असल्यामुळे ती कोणत्याही एडिटरने लिहिता येते. म्हणूनच कोणत्या एडिटरने लिहावी, ह्यावर भांडण्यास पूर्ण मोकळीक मिळाली. ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ ह्या दोहोंच्या भक्तांचे वैर त्यांच्या शास्त्रात प्रसिद्ध आहे. ह्यांतील ईमॅक्सचा पहिला अवतार १९७६ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ह्यांच्या हातून घडला, आणि १९७८ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डहून टेक आपल्या संस्थेतील संगणकावर नेणारे तेच स्टील होत. दोन साधनांची ही सोयरीक इतकी जुनी आहे. मध्यम मार्ग काढणारेही निघाले. १९९५ साली माथियास एट्रिख ह्यांनी ‘लिक्स’ हा संपादक रचला. त्यात पडद्यावर पृष्ठाचे हुबेहूब रूप दिसत नाही. प्रकरण, प्रमेय, सूत्र ही घडण मात्र दिसते आणि मागे लाटेक काम करते. योरिस व्हॅन डर हूव्हन ह्यांच्या ‘टेकमॅक्स’ने नावात दोन्ही कुळे घेतली, पण जुळणीचे काम टेककडे न सोपविता स्वतःच केले.

जर्मनीतील दोघा मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली ह्या वादाचा प्रयोगाने निकाल लावू पाहिला. चाळीस जणांना, काहींना ‘वर्ड’वर व काहींना लाटेकवर, नेमून दिलेले मजकूर ठराविक वेळात उतरावयास सांगितले. साध्या गद्यात व कोष्टकांत ‘वर्ड’वाले सरस ठरले, सूत्रांनी भरलेल्या मजकुरात लाटेकवाले. आपले काम आनंददायक वाटते असे मात्र लाटेकवालेच अधिक म्हणाले. ह्या प्रयोगावर पुष्कळ चर्चा झाली, परंतु त्याने मोजले ते नक्कलनवीसाचे काम. समोरचे छापील पृष्ठ जसेच्या तसे उतरविणे ही ईक्यूएनच्या टंकलेखिकेची कामगिरी होती. गणितज्ञ सूत्र लिहितो, खोडतो, चिन्ह बदलतो, तीन महिन्यांनी प्रमेयाचा क्रम फिरवितो. त्या श्रमाचे माप ठराविक मिनिटांत घेता येत नाही.

ह्या सर्व चर्चेत दोन्ही पक्षांनी वाचकाच्या ठिकाणी डोळा गृहीत धरला होता. हे गृहीत ज्यांच्यामुळे उघडे पडले ते टी. व्ही. रामन ह्यांचा जन्म पुण्याचा आणि त्यांचे बालपणही तेथेच गेले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. घरच्यांनी व इतरांनी पाठ्यपुस्तके व उदाहरणे वाचून दाखवावीत आणि त्यांनी ती ऐकून सोडवावीत, अशा रीतीने शिक्षण चालवून त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणित घेऊन पदवी मिळविली. तेथून ते मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आणि मग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ साली कॉर्नेलला त्यांनी सादर केलेला प्रबंध, ज्यातील आज्ञाप्रणालीचे नाव ‘ॲस्टर’ असे होते, त्या वर्षीच्या संगणनशास्त्रातील उत्कृष्ट प्रबंधाच्या पारितोषिकाचा मानकरी ठरला.

ॲस्टर लाटेकची फाइल घेते आणि गणित बोलून दाखविते. छापील पृष्ठाचे चित्र यंत्राने वाचावयाचे म्हटले तर प्रथम कोणते अक्षर वर आहे आणि कोणते खाली, हे चित्रावरून ओळखावे लागेल आणि मग त्याचा अर्थ लावावा लागेल. लाटेकच्या फाइलीत ही घडण लेखकाने आधीच सांगून ठेवलेली असते. रामन ह्यांनी तिच्यावरून सूत्राचा वृक्ष उभा केला आणि त्या वृक्षाच्या फांद्यांना आवाजाची वळणे दिली. घातांक चढ्या स्वरात, पादांक उतरत्या स्वरात. फळ्यापुढील शिक्षकाचे थांबणे, जे ईक्यूएनला कंसांत कोंबावे लागले होते, ते येथे पुन्हा थांबणे आणि स्वर होऊन बाहेर पडले. एवढ्यावरच हे काम थांबत नाही. डोळस वाचक लांब सूत्रावर प्रथम ओझरती नजर टाकतो, मग हव्या त्या भागाकडे वळतो. ऐकणाऱ्याला हे स्वातंत्र्य नसते. ध्वनी वाहून जातो. ॲस्टरमध्ये श्रोत्याला सूत्राच्या वृक्षावर वरखाली फिरता येते. ‘अपूर्णांक आहे’ एवढेच ऐकून पुढे जावे, किंवा त्याच्या छेदात उतरावे, हे तो ठरवितो.

लॅम्पोर्ट ह्यांचा तार्किक पक्ष ह्यामुळे एका नव्या कसोटीला लागला, आणि त्याची एक उणीवही दिसून आली. लेखकाने एखाद्या कल्पनेसाठी स्वतःची आज्ञा निर्माण करून तिला अर्थाचे नाव दिले असेल तर ती कशी उच्चारावी हे ॲस्टरला शिकविता येते. परंतु त्याच लेखकाने केवळ दिसण्यासाठी अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढली असेल, तर ती रेघ सरासरीची, संयुग्मी संख्येची की संचाच्या आवरणाची, हे फाइल सांगत नाही. घातस्थानी ऋण एक असला तर तो व्यस्त फलनाचा की व्यस्त संख्येचा? डोळस वाचक संदर्भाने उलगडा करून घेतो. म्हणून लेखकाला सांगण्याची गरज भासत नाही. म्हणजे लाटेक ही अर्थाची भाषा असल्याचा जो दावा केला जात असे तो अर्धाच खरा होता. प्रकरण, प्रमेय, सिद्धता ह्यांच्या बाबतीत ती अर्थ सांगते. सूत्राच्या आत ती बव्हंशी रूपच सांगते.

१९९५ साली रामन ह्यांनी ‘ईमॅक्सपीक’ प्रसिद्ध केले. ईमॅक्समध्ये जे काही लिहिले जाते ते बोलून दाखविणारी ही प्रणाली आहे. आता अंध गणितज्ञाला केवळ वाचताच नव्हे, तर त्याच साधनाने लिहिताही येऊ लागले. चौकटीवर नेमके बोट ठेवून अंश भरावयास सांगणाऱ्या दृश्य संपादकात हे साधणे कठीण होते. ‘दिसेल तसे निघेल’ हे वचन ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी निरर्थक आहे, ही गोष्ट इतकी उघड असूनही वादाच्या पहिल्या दोन दशकांत ती कोणाच्या फारशी ध्यानी आलेली दिसत नाही.

रूप आणि अर्थ ह्यांतील हे अंतर भाषेच्या घटनेतच लिहून ठेवण्याचा प्रयत्न ‘मॅथएमएल’ने केला. जागतिक जाळ्यावरील पृष्ठांसाठी एप्रिल १९९८ मध्ये तिची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. तिचे दोन भाग आहेत. एकात सूत्र दिसते कसे ते लिहावयाचे. दुसऱ्यात ते म्हणते काय ते. तत्त्वतः निर्दोष असलेली ही योजना व्यवहारात रखडली. दोन पदांची बेरीज लिहावयास अनेक ओळी लागतात. ही भाषा मनुष्याने हाताने लिहावी अशी अपेक्षाच नव्हती. तिचा लेखक यंत्र होता, आणि तिचा वाचकही यंत्रच. जाळ्यावरील पृष्ठे दाखविणाऱ्या प्रमुख प्रणालींनी तिच्याकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. क्रोमने २०१३ साली ती एकदा घेऊन लगेच टाकून दिली आणि २०२३ च्या जानेवारीत पुन्हा स्वीकारली. मधली दहा वर्षे लोकांनी लाटेकच्या रीतीने लिहिलेली सूत्रेच ‘मॅथजॅक्स’सारख्या साधनांनी पृष्ठावर उमटविली.

दोन्ही पक्षांतील अंतर दरम्यान कमी होत चालले होते. २००७ च्या ‘वर्ड’मध्ये मायक्रोसॉफ्टने समीकरणांची नवी व्यवस्था आणली, मरे सार्जंट ह्यांनी घडविलेल्या ह्या व्यवस्थेत सूत्र कळफलकावरून एका ओळीत लिहावयाचे आणि ते आपोआप मजल्यांत चढते. तिच्या अंतरांचे नियम बव्हंशी टेकचे आहेत, आणि पुढे तीत लाटेकच्या आज्ञाही लिहिता येऊ लागल्या. उलट लाटेकच्या बाजूने, २०१२ साली सुरू झालेल्या व पुढे ‘ओव्हरलीफ’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संपादकात एकीकडे खुणा आणि दुसरीकडे पृष्ठ असे शेजारी शेजारी दिसते.

टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र अंतर कायम राहिले. ज्या इक्वेशन एडिटरमध्ये लक्षावधी प्रश्नपत्रिका व टिपणे लिहिली गेली, त्यात सुरक्षेचा गंभीर दोष आढळल्यामुळे मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या जानेवारीत तो काढून टाकला. त्यातील जुनी सूत्रे दिसतात. पण अन्य साधन मिळविल्यावाचून त्यांत एक चिन्हही बदलता येत नाही. टेकची गोष्ट उलटी आहे. कनूथ ह्यांनी १९९० नंतर तिच्यात केवळ चुकांची दुरुस्ती करण्याचे ठरविले, आणि आवृत्तीचा क्रमांक पाय ह्या संख्येकडे एकेक अंकाने सरकत राहील असा नियम केला. देवनागरीलाही ह्या स्थैर्याचा लाभ मिळाला. नेदरलँडमधील फ्रान्स व्हेल्टहाउस ह्यांनी १९९१ साली टेकसाठी देवनागरी अक्षरे सिद्ध केली. रोमन लिपीत टंकित केलेला मजकूर आधी एका आज्ञावलीतून गाळून घ्यावा लागे. २००४ साली आलेल्या जोनाथन क्यू ह्यांच्या ‘झीटेक’ने ही पायरी अनावश्यक केली; मराठी गद्य आणि गणित एकाच फाइलीत सरळ लिहिता येऊ लागले. टाटा संस्थेच्या त्या जुन्या टंकलिखित व्याख्यानांपैकी अनेक टेकमध्ये नव्याने जुळवून उपलब्ध करून देण्यात आली आहेत.

जुळारी नाहीसा झाला, असे मात्र म्हणता येत नाही. तो स्थलांतरित झाला. लेखक लाटेकची फाइल पाठवितो. ती शुद्ध करून, छपाईसाठी आणि जाळ्यासाठी निरनिराळ्या रूपांत नेण्याचे काम १९९० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर भारतात होत आहे. त्रिवेंद्रम हे त्याचे एक ठळक केंद्र; तेथेच २००२ साली टेक वापरणाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. लेखकाने दिसण्यासाठी म्हणून केलेल्या खुणा अर्थाच्या खुणांत बदलण्याचे काम तेथील जुळाऱ्यांवर येते, आणि १९५४ च्या त्या ऑक्सफर्डच्या पुस्तकातील उपदेश आजच्या लेखकांना पुन्हा देण्याची पाळी त्यांच्यावर येत असल्यास आश्चर्य नाही.

ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग ह्यांनी लॉस ॲलमॉस येथे ‘आर्काइव्ह’ हा निबंधसंग्रह सुरू केला, तेव्हापासून लेखकांकडून छापील रूपाऐवजी टेकची मूळ फाइल मागण्याचा प्रघात तेथे पडला. त्यावेळचे कारण व्यावहारिक होते. साध्या अक्षरांची फाइल लहान असते आणि मंद तारांवरून लवकर जाते. डिसेंबर २०२३ पासून हाच संग्रह नव्याने येणाऱ्या लाटेक निबंधांना जाळ्यावरील पृष्ठांचे व मॅथएमएलचे रूप देऊ लागला आहे, आणि ह्यामागचा त्याचा जाहीर हेतू दृष्टिहीन वाचकांची सोय हाच आहे. रूपांतराचे काम ब्रूस मिलर ह्यांची ‘लाटेकएमएल’ ही प्रणाली करते. जेथे लेखकाने अर्थाचे नाव देऊन आज्ञा लिहिली आहे तेथे ते रूपांतर सुखरूप पार पडते; जेथे त्याने चिन्ह दोन केसभर डावीकडे सरकवून आणि त्यावर दुसरे चिन्ह चढवून हवा तो आकार साधला आहे, तेथे वाचणारा आवाज ती दोन्ही चिन्हे एकामागून एक उच्चारून पुढे जातो.